जे दिसलं ते ग्रहाचं की ताऱ्याचं? आठवीतल्या मुलीच्या प्रश्नावर अडलेय, मदत हवी

सत्तरीच्या_बाई | रविवार, 9 नोव्हेंबर 2025, रात्री 10:15

नमस्कार मंडळी. मी गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका हायस्कूलात विज्ञान शिकवते. वर्गात शिकवणं इंग्रजीतून, पण शनिवारचा विज्ञान मंडळाचा तास आम्ही मराठी-कोंकणीत घेतो, आणि खरे प्रश्न त्याच तासाला येतात.

चवथीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली तेव्हा एका पालकांनी मला मोबाईलवर एक बातमी पाठवली होती. मी ती मोठ्या अक्षरांत लिहून भित्तिफलकावर लावली: '40 प्रकाशवर्षांवरच्या ट्रॅपिस्ट-1 ई या पृथ्वीएवढ्या ग्रहावर वातावरणाच्या खुणा'. दोन महिने तो कागद तिथेच आहे. काल तासाला त्यावर बोलणं निघालं. मी नेहमीचं सांगितलं, की ग्रह ताऱ्यासमोरून जातो, ताऱ्याचा थोडा उजेड ग्रहाच्या हवेतून गाळून येतो, त्या हवेतले वायू ठरावीक रंग खातात, आणि जेम्स वेब दुर्बीण ते हरवलेले रंग टिपते.

मागच्या बाकावरची एक मुलगी, कुळागरातून चालत येते रोज, ती उठून म्हणाली, "बाई, ग्रह वेगळा दिसतच नाही असं तुम्हीच म्हणता. दिसतो तो एकटा तारा. मग हरवलेले रंग ताऱ्यानेच खाल्लेले नसतील कशावरून?" मी म्हटलं, तारा स्वतः उजेड देतो. ती म्हणाली, "सूर्यपण देतो. त्याच्यात काळ्या रेघा आपण पाहिल्या ना?"

पाहिल्या होत्या. जुलैत आम्ही बुटांच्या खोक्यांचे वर्णपटदर्शक केले होते, दोन ब्लेडांमधली बारीक फट आणि मागे सीडीचा तुकडा. पावसाची उघडीप मिळाली तेव्हा उजळ ढगाकडे धरून सगळ्यांनी सूर्याच्या वर्णपटातल्या रेघा मोजल्या होत्या. माझ्याच प्रयोगाने मला पकडलं.

तेवढ्यात एका मुलाने दुसरी गोष्ट काढली. त्याच ताऱ्याच्या 'बी' ग्रहावर हवा नाही, असं मी गेल्या वर्षी सांगितलं होतं. तो म्हणतो, "'आहे' म्हणायला काहीतरी दिसावं लागतं, ते कळलं. पण 'नाही' कसं दिसतं?"

मी बी.एस्सी. झाले त्या सुमारास, 1995 साली, सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला ग्रह सापडला. आमच्या पाठ्यपुस्तकात सौरमालेबाहेर एकही ग्रह नव्हता. तेव्हापासून मिळेल ते वाचत आले आहे, पण या दोन प्रश्नांना माझ्याकडे वाचून पाठ केलेली वाक्यं आहेत, उत्तर नाही. येत्या शनिवारी शाळेच्या मैदानावर आकाशदर्शन आहे, पालकही येणार आहेत. फलकावरचा कागद ठेवू की काढू? त्या मुलीला काय सांगू?

---

पठारावरचा_विद्यार्थी | सोमवार, 10 नोव्हेंबर, सकाळी 8:02

बाई, मी मूळ मडगावचा, ताळगाव पठारावर एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. 'नाही'चा भाग सांगू शकतो.

तिथे रंग बघितलेच नाहीत, ताप बघितला. ग्रह ताऱ्याच्या मागे जातो तेव्हाची ही युक्ती आहे. मागे जाण्याच्या जरा आधी आपल्याकडे ताऱ्याची उष्णता अधिक ग्रहाच्या दिवसाच्या बाजूची उष्णता येते. मागे गेला की फक्त ताऱ्याची. वजाबाकी केली की उरते ती ग्रहाची. वेबच्या 'मिरी' या उपकरणाने 15 मायक्रॉन तरंगलांबीच्या अवरक्त उजेडात 'बी'ची अशी पाच पिधानं, म्हणजे ताऱ्यामागे लपणं, पाहिली. उजेड दहा लाखांत 861 भाग उतरला, त्यावरून दिवसाच्या बाजूचं तापमान साधारण 503 केल्विन निघालं, म्हणजे 230 अंश सेल्सिअस.

आता हिशोब बघा. काळा उघडा खडक असेल आणि मिळालेली सगळी उष्णता त्याच बाजूने परत फेकत असेल तर 508 केल्विन यायला हवं. हवा असती तर तिने उष्णता रात्रीच्या बाजूला वाहून नेली असती आणि दिवसाची बाजू 400 च्या आसपास उतरली असती. मिळाले 503. म्हणून 'बी' उघडा खडक. 2023 च्या मार्चमध्ये हे 'नेचर'मध्ये आलं. शेजारचा 'सी' 380 केल्विनचा निघाला, त्यावरही शुक्रासारखी दाट कार्बन डायऑक्साइडची हवा नाही. हे पक्कं झालेलं आहे, मुलाला बेधडक सांगा.

---

डिचोलीकर | सोमवार, 10 नोव्हेंबर, दुपारी 1:40

विज्ञानातलं मला फार कळत नाही, पण वरचं वाचून एक आठवलं. लहानपणी मी सड्यावर गुरं राखली आहेत. दिवसा तिथला कातळ असा तापतो की अनवाणी पाय टेकत नाही. आणि डिसेंबरात तोच कातळ रात्री इतका गार पडतो की कांबळं पुरत नाही. खाली नदीकाठच्या बागायतीत दिवसाही एवढं तापत नाही आणि रात्रीही एवढं गार होत नाही. पावसाळ्यात ढग असले की सड्यावरची रात्रसुद्धा उबदार. विद्यार्थी म्हणतो ते हेच ना? झाकण असलं की ऊन वाटलं जातं, झाकण नसलं की जिथलं तिथे.

---

पठारावरचा_विद्यार्थी | सोमवार, 10 नोव्हेंबर, दुपारी 2:15

हो, तेच. फरक इतकाच की 'बी'ला आपल्यासारखा दिवस-रात्रीचा फेरा नाही. चंद्र आपल्याला जशी एकच बाजू दाखवतो तसा तो ताऱ्याला एकच बाजू दाखवत दीड दिवसात फेरी मारतो. त्याचा अर्धा सडा कायम उन्हात आणि अर्धा कायम रात्रीत. मी हे असं कधी समजावू शकलो नसतो, भाऊ.

---

केरीचे_काका | मंगळवार, 11 नोव्हेंबर, रात्री 9:50

बाई, मी पेडण्याच्या केरीतला, सत्तरीच्या केरीतला नव्हे. त्या मुलीचा प्रश्न दोन दिवस डोक्यात घोळतोय. तिला आधी एवढं सांगा, की हा प्रश्न विचारण्यातच वेबवर काम करणाऱ्या माणसांची निम्मी वर्षं गेली आहेत. ती आठवीत तिथे पोचली.

मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होतो, 31 वर्षं. निवृत्त झालो त्या वर्षी जुनं सामान निकालात काढलं, त्यात एक बोटभर लांबीचा पितळी वर्णपटदर्शक होता. आत तीन लोलक, एका टोकाला फट, दुसऱ्या टोकाला डोळा लावायचा. रीतसर पैसे भरून मी तो घेतला. तेव्हापासून आकाश मोकळं असलं की संध्याकाळी तो खिशात टाकून किनाऱ्यावर जातो. सूर्याकडे कधीच धरायचा नाही, मावळतीच्या सूर्याकडेही नाही. बाजूच्या आकाशाकडे धरायचा. हे तुमच्या मुलांनाही बजावा.

दुपारी बाराला आकाशाकडे धरला की पिवळ्यात सोडियमची रेघ, हिरव्यात मॅग्नेशियमच्या, निळसर हिरव्यात हायड्रोजनची, सगळ्या जागच्या जागी. तांबड्याच्या अगदी टोकाला एक रेघ असते, तिला 'बी' रेघ म्हणतात. फ्राउनहोफरने दोनशे वर्षांपूर्वी रेघांना अक्षरं दिली तेव्हाचं ते नाव, ग्रहाशी त्याचा संबंध नाही. दुपारी ती पुसट असते, शोधावी लागते. सूर्य समुद्राला टेकायला आला की तीच रेघ काजळाचं बोट फिरवल्यासारखी ठळक होते. सोडियमची, हायड्रोजनची मात्र होती तशीच.

का? ज्या रेघा सूर्यातच पडल्या आहेत त्यांना दुपार काय नि संध्याकाळ काय. 'बी' रेघ सूर्याची नाहीच, ती आपल्या हवेतल्या ऑक्सिजनची आहे. क्षितिजावरच्या सूर्याचा उजेड डोक्यावरच्यापेक्षा जवळजवळ 38 पट जास्त हवेतून येतो, म्हणून ती दाटते. बाई, मी कॉलेजात मुलांना ही रेघ तक्त्यावर किती वर्षं दाखवली, पण ती डोळ्यांदेखत दाटताना पहिल्यांदा पाहिली ती साठी उलटल्यावर, केरीच्या वाळूत. पृथ्वीवर श्वास घेण्याजोगी हवा आहे हे उजेडात लिहिलेलं वाचता येतं! त्या संध्याकाळी मी अंधार पडेपर्यंत तिथेच बसून राहिलो.

मेअखेरीस, पाऊस दाराशी आलेला असताना, सोडियमच्या रेघेला लागून तांबड्याच्या बाजूला एक धूसर पट्टा उमटतो, तो हवेतल्या वाफेचा. जानेवारीच्या कोरड्या हवेत तो जवळजवळ नसतो. एकोणिसाव्या शतकात काही लोक या पट्ट्यावरून पावसाचा अंदाज बांधायचे.

आता तुमच्या मुलीचं उत्तर. सूर्याच्या रेघा कोणत्या आणि आपल्या हवेच्या कोणत्या, हा वाद 1860 च्या सुमाराला होता. झान्सेन नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने काय केलं, तर सूर्यच काढून टाकला. जिनिव्हाच्या सरोवराकाठी न्यों गावात लाकडांची मोठी आग पेटवली आणि स्वतः 21 किलोमीटरवरून, जिनिव्हाच्या देवळाच्या मनोऱ्यावरून ती पाहिली. जवळून बघितलं तर आगीच्या वर्णपटात त्या रेघा नसतात. 21 किलोमीटर हवेपलीकडून बघितल्यावर त्याला त्या दिसल्या. म्हणजे रेघा मधल्या हवेच्या. पुढे 37 मीटर लांबीच्या नळीत वाफ भरून त्याने वाफेच्या रेघाही वेगळ्या काढल्या. हाच झान्सेन 1868 च्या खग्रास ग्रहणाला आपल्या गुंटूरला आला होता, हेलियमच्या शोधाच्या गोष्टीत येतो तो.

मुद्दा असा, की एकाच निरीक्षणात तारा आणि हवा वेगळे करता येत नाहीत. दोन निरीक्षणं लागतात, ज्यांत एक गोष्ट तीच राहते आणि दुसरी बदलते. दुपार आणि संध्याकाळ. जवळची आग आणि लांबची आग.

ट्रॅपिस्ट-1 ची अडचण मी समजून घेतली ती अशी. तो तारा इतका थंड आहे, 2,560 केल्विनच्या आसपास, की त्याच्या स्वतःच्या पृष्ठावरच पाण्याची वाफ टिकते. त्यावर डाग आहेत, ते आणखी थंड. ग्रह समोरून जातो तो ताऱ्याच्या एका पट्ट्यावरून. डाग त्या पट्ट्याबाहेर असले तर ग्रह झाकतो तो स्वच्छ भाग, आणि उरलेल्या उजेडात डागांचा वाटा एकदम वाढतो. डागांतल्या वाफेची खूण मग ग्रहाच्या अंगावर चढते. ग्रह बिचारा कोरडा ठणठणीत असला तरी त्याच्यावर पाणी दिसतं. मुलीने नेमकं हेच विचारलं आहे.

हे नुसतं कागदावर राहिलेलं नाही. 2023 मध्ये जीजे 486 बी या खडकाळ ग्रहावर वाफेची खूण मिळाली, आणि ज्यांना मिळाली त्यांनीच लिहिलं की ती ताऱ्यावरच्या डागांची असू शकते. त्याच वर्षी जीजे 1132 बी हा ग्रह दोनदा पाहिला. एकदा वर्णपटात चढउतार दिसले, दुसऱ्यांदा सपाट रेघ. दुर्बीण तीच, ग्रह तोच. त्या लोकांनी दोन्ही निरीक्षणं शेजारी शेजारी ठेवून छापली, पहिलंच तेवढं घेऊन मोठा मथळा केला नाही. मला ते फार मोठं वाटतं. प्रयोगशाळेत आकडे 'जुळवून' आणणारी मुलं आणि मोठी माणसंही मी पाहिली आहेत.

मग ट्रॅपिस्टच्या 'ई'चं काय करायचं? इथे झान्सेनचीच वाट आहे. त्या ताऱ्याला सात ग्रह आहेत. 'बी' हा उघडा खडक धरला, तर 'बी' समोरून जाताना जे काही वर्णपटात दिसेल ते सगळं ताऱ्याचं. म्हणून 'बी' आणि 'ई' एकामागोमाग, काही तासांच्या आत समोरून जातील असे दिवस निवडायचे, डाग सरकायला वेळच द्यायचा नाही. 'ई'च्या वर्णपटातून 'बी'चा काढून टाकायचा. उरेल ते 'ई'च्या हवेचं. 'बी' म्हणजे जवळची आग, 'ई' म्हणजे 21 किलोमीटरवरची. 'ई'च्या पहिल्या चार अधिक्रमणांत, म्हणजे ताऱ्यासमोरून जाण्यात, ताऱ्याचे डाग एवढे आडवे आले की आता अशी आणखी 15 निरीक्षणं करायचं ठरलं आहे.

फलकावरचा कागद काढू नका. 'खुणा' या शब्दाखाली त्या मुलीच्या हाताने तिचा प्रश्न लिहून घ्या. शनिवारी मी पितळी नळी घेऊन येऊ शकतो. केरीहून पेडणे, म्हापसा, वाळपई अशा बस बदलाव्या लागतील, पण चारपर्यंत पोचेन. ऊन असताना यायला हवं, नाहीतर दाखवणार काय?

---

कुंकळ्ळी_ते_पुणे | बुधवार, 12 नोव्हेंबर, रात्री 11:20

काका, तुमचं लिहिणं मी दोनदा वाचलं. मी पुण्यात याच विषयात पीएच.डी. करतेय, आणि झान्सेनची आग मला कुणीच सांगितली नव्हती.

थोडी भर आणि एक दुरुस्ती. भर आकड्यांची, पालकांनी 'एवढं अवघड का' विचारलं तर. पृथ्वी सूर्यासमोरून गेली आणि कुणी लांबून पाहिलं, तर सूर्याचा उजेड दहा लाखांत 84 भाग घटेल. त्यात आपल्या हवेचा वाटा साधारण 1 भाग. ते वेबलाही जमणारं नाही. ट्रॅपिस्ट-1 मात्र सूर्याच्या जेमतेम 12 टक्के रुंद, गुरूपेक्षा थोडाच मोठा. त्याच्यासमोरून 'ई' गेला की सुमारे 5,000 भाग घटतात, आणि पृथ्वीसारखी हवा असेल तर तिची खूण 50 ते 70 भागांची. दहा लाख रुपये मोजताना 50-60 रुपयांची चूक चालणार नाही, असा हा हिशोब. म्हणूनच सगळे या लहान, लाल, त्रासदायक ताऱ्यांकडे वळतात. ग्रह लहान असल्यावर तारा तरी लहान हवा.

हलक्या वायूंची हवा फुगून वर चढते, जड वायूंची खडकाला चिकटून राहते. हायड्रोजनचं वातावरण नायट्रोजनच्या कितीतरी पट जाड दिसलं असतं. म्हणून 'ई'वर जन्माच्या वेळचं हायड्रोजनचं पांघरूण उरलेलं नाही, एवढं त्या चार अधिक्रमणांवरून म्हणता येतं. शुक्रासारखी किंवा मंगळासारखी कार्बन डायऑक्साइडची हवा असण्याची शक्यताही कमी झाली. नायट्रोजनची, थोडा मिथेन असलेली हवा आकड्यांत बसते, पण उघडा खडकही बसतो. बाईंना पाठवलेली बातमी या 'बसते'तून झाली आहे. 'बसते' आणि 'सापडली' यांत 15 निरीक्षणांचं अंतर आहे.

दुरुस्ती पठारावरच्या मित्राला. 'बी' उघडा खडक हे 'पक्कं' म्हणू नकोस. 15 मायक्रॉन ही एकच खिडकी होती. 2024 मध्ये 12.8 मायक्रॉनचं मोजमाप आलं. दोन्ही एकत्र ठेवले तर ज्वालामुखीचा ताजा, काळा खडक जुळतो. पण वर धुरकट थर असलेली कार्बन डायऑक्साइडची हवाही जुळू शकते, जिच्यात वरचा थर तापलेला असतो आणि वायू उष्णता खाण्याऐवजी बाहेर टाकतो. एका रंगातलं एक तापमान, त्यावरून अख्ख्या ग्रहाचा निकाल लावू नये. मीही पहिल्या वर्षी तुझ्यासारखंच सांगत फिरले होते, म्हणून लिहिते.

एक गोष्ट मुलांना जरूर सांगा. हे तारे तरुणपणी फार भडक असतात, अतिनील किरणांचे झोत टाकतात, जवळच्या ग्रहाची हवा उडवून लावतात. ती उडाली की टिकली, आणि किती अंतरावर टिकली, हा खरा प्रश्न आहे. त्यासाठी वेबच्या संचालकांनी स्वतःच्या वाट्याचे 500 तास खडकाळ ग्रहांना दिले आहेत, सोबत हबल दुर्बीण त्यांच्या ताऱ्यांचे अतिनील किरण मोजणार आहे. एखादा ग्रह कोरडा निघाला तर बातमी होत नाही, पण नकाशावरची एक जागा भरते. मला स्वतःला त्या कोरड्या ग्रहांबद्दल माया वाटते.

शनिवारी तारा कुठे दाखवाल? साध्या डोळ्यांना तो दिसणार नाही, शाळेच्या दुर्बिणीतूनही नाही, पण जागा दाखवता येईल. सात-साडेसातला आग्नेयेकडे तोंड करा, मान बरीच वर करा, शनी दिसेल. हात लांब करून मूठ धरा. शनीच्या पश्चिमेला एका मुठीवर, कुंभ राशीत, तिथे तो आहे. गोव्यातून तो छान उंच येतो.

---

सत्तरीच्या_बाई | रविवार, 16 नोव्हेंबर, सकाळी 9:05

काल काका आले. सोबत घरचे उकडे तांदूळ आणि ती पितळी नळी. शाळेमागे डोंगर असल्याने आमच्याकडे सूर्य लवकर जातो, म्हणून मुलांना घेऊन आम्ही वरच्या सड्यावर गेलो. एकोणीस मुलं, एक नळी. रांग लावली. साडेचारला प्रत्येकाने एकदा पाहिलं, मग सूर्य खाली आल्यावर दुसऱ्यांदा. पहिल्यांदा तांबड्याच्या टोकाची रेघ सहाच मुलांना सापडली. दुसऱ्यांदा चौदा जणांना. काकांनी कुणालाही 'दिसली ना?' असं विचारलं नाही, फक्त 'काय दिसलं?' विचारलं आणि वहीत लिहायला लावलं. मी इतकी वर्षं 'दिसलं का' विचारत आलेय.

माझ्या बुटांच्या खोक्यांत ती रेघ काही दिसली नाही, फट रुंद पडली असावी. पुढच्या शनिवारी नवी ब्लेडं आणि सीडीऐवजी डीव्हीडीचा तुकडा लावून पाहणार आहोत.

कातळ तोवर गार पडायला लागला होता. डिचोलीकरांचं सांगणं मी तिथेच वाचून दाखवलं, मुलांनी कातळाला हात लावून पाहिला. अंधार पडल्यावर खाली मैदानावर मुठी धरून सगळ्यांनी ती रिकामी जागा पाहिली. एका आजींनी विचारलं, काहीच दिसत नाही तर बघायचं काय? त्यांच्या नातवानेच त्यांना सात ग्रह सांगितले, अक्षरांसकट.

फलकावर आता बातमीखाली मुलीचा प्रश्न आहे, त्याखाली काकांची दोन निरीक्षणांची गोष्ट तिच्याच शब्दांत. पण ती तेवढ्यावर थांबली नाही. रात्री वडिलांच्या गाडीवर बसता बसता म्हणाली, "बाई, त्या ताई म्हणतात 'बी'वर हवा असूही शकेल. मग 'ई'तून 'बी' काढून टाकला तर 'बी'ची हवापण त्याच्यात जाणार ना? दोघांवर सारखीच हवा असली तर उरणार काय?"

काका बसच्या खिडकीतून म्हणाले, हे पुण्याला विचारा.

---

कुंकळ्ळी_ते_पुणे | रविवार, 16 नोव्हेंबर, दुपारी 12:30

बरोबर बोट ठेवलंय तिने. दोघांवर हुबेहूब सारखी हवा असेल तर वजाबाकीत दोन्ही पुसल्या जातील आणि 'ई' उगाच कोरडा ठरेल. म्हणून 'बी'ला मापाचा दगड मानण्याआधी त्याचं वजन दुसऱ्या काट्यावर करावं लागतं.

तो काटा म्हणजे सड्यावरची रात्र. 'बी'च्या दिवसाच्या बाजूची गोष्ट सगळ्यांनी केली, रात्रीची राहिली. 'बी' ताऱ्याभोवती फिरताना वेबने त्याची अख्खी फेरी पाहिली आहे, शेजारच्या 'सी'चीही. कधी उन्हाची बाजू आपल्याकडे, कधी रात्रीची. दाट हवा असती तर तिने उष्णता पलीकडे नेली असती आणि रात्रीची बाजूही अवरक्तात उजळली असती. 'बी'ची रात्र काळी निघाली. दोघांवरही दाट हवा नाही, असा निष्कर्ष या सप्टेंबरात मांडला गेला आहे. मी सांगितलेली धुरकट हवेची वाट त्याने बरीच अरुंद केली. अगदी विरळ हवा अजून लपू शकते, पण तेवढ्याने वजाबाकी फारशी बिघडणार नाही, कारण 'बी' जास्त तापलेला आणि ताऱ्याच्या जास्त जवळ आहे, तिथे 'ई'सारखीच हवा टिकणं कठीण.

तिला सांगा, दिवसाच्या बाजूवर विश्वास ठेवायला ती तयार नव्हती तेच बरं झालं. कातळ गार पडलाय का हे रात्रीच हात लावून बघायचं असतं. आणि तिला माझा पत्ता हवा असेल तर मला इथेच खासगी निरोप पाठवा, बाई. मी तिला 'बी'च्या त्या फेरीचा आलेख छापून पाठवते, मराठीत अक्ष लिहून.